चिठ्ठी कोरी, रुग्ण वाऱ्यावर : उपनगरातले ‘रेफर’ आणि आपली आरोग्य शिबिरे

१४ एप्रिल जवळ आला की घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरापासून मुलुंड-बोरिवलीच्या वस्त्यांपर्यंत विहारांबाहेर एक फलक हमखास लागतो : मोफत आरोग्य तपासणी शिबिर. बीपी, शुगर, डोळे, कधी ईसीजी. आम्हीही अशी शिबिरे घेतली आहेत. खुर्च्या लावल्या, नावे लिहून घेतली, डॉक्टरांना चहा दिला. दुपारी त्यांचा शाल आणि बुद्धमूर्ती देऊन सत्कार झाला, फोटो निघाला, शिबिर संपले. गेल्या खेपेला एका मावशींची शुगर तीनशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी सांगितले, “मोठ्या हॉस्पिटलात दाखवा.” मावशी ‘हो’ म्हणाल्या आणि गेल्या. त्या पुढे कुठे गेल्या, हे आज आम्हाला सांगता येत नाही. वहीत त्यांचे नाव आहे, वय आहे, आकडा आहे. पुढचा रकानाच नाही.

हा लेख त्या नसलेल्या रकान्याबद्दल आहे. कारण तो फक्त आमच्या वहीत नाही असे नाही, मुंबई उपनगरातल्या आरोग्यव्यवस्थेतही तो नाही. डॉक्टर रोग ओळखतात आणि गरज पडली तर तज्ज्ञाकडे पाठवतात, असे आपण समजतो. प्रत्यक्षात गरीब रुग्णाला बहुतेक वेळा ‘पाठवले’ जात नाही. त्याला पुढे ढकलले जाते. पाठवण्यात जबाबदारी असते, ढकलण्यात ती नसते, आणि या दोन्हींत फरक करणारी वस्तू म्हणजे एक साधी चिठ्ठी.

आधी निदानाकडे पाहू. एका लक्षणामागे पाच-सहा आजार असू शकतात. खोकला सर्दीचा असतो, दम्याचा असतो, टीबीचा असतो, हृदयाचाही असू शकतो. डॉक्टर प्रश्न विचारून, छाती ऐकून, तपासण्या करून एकेक शक्यता बाजूला काढतात. यातला सर्वात स्वस्त आणि बहुधा सर्वात उपयोगी भाग म्हणजे प्रश्न विचारणे. किती दिवसांपासून? रात्री ताप येतो का? वजन घटले का? घरात कुणाला होते का? आधी कुठली औषधे घेतली आणि मध्येच सोडली का? एवढे विचारायला दहा मिनिटे लागतात. ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०१७ साली जगभरातल्या देशांची तुलना आली होती. तिच्यात भारतातल्या प्राथमिक डॉक्टरकडे रुग्णाला मिळणारा वेळ साधारण दोन मिनिटे होता, स्वीडनमध्ये वीस मिनिटांहून अधिक.

दोन मिनिटांत काय होते, याचा पुरावा मुंबईतलाच आहे. २०१८ साली ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये मुंबई आणि पाटणा या शहरांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी स्थानिक माणसांना टीबीच्या रुग्णाची भूमिका शिकवली आणि त्यांना खासगी डॉक्टरांकडे पाठवले. अशा सुमारे २,६०० भेटी झाल्या. त्यांपैकी फक्त ३५ टक्के भेटींत रुग्णाला योग्य वागणूक मिळाली, म्हणजे योग्य तपासणी लिहून दिली गेली किंवा योग्य ठिकाणी पाठवले गेले. एमबीबीएस डॉक्टरांची कामगिरी इतरांपेक्षा बरी होती, पण समाधान मानावे इतकी नाही. त्याआधी २०१० साली डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीतल्या १०६ खासगी डॉक्टरांना टीबीची औषधे लिहायला सांगितली होती. बरोबर चिठ्ठी फक्त सहा जणांनी लिहिली, आणि १०६ जणांत मिळून ६३ वेगवेगळे उपचार निघाले. १९९१ च्या अभ्यासात धारावीतल्याच १०० डॉक्टरांनी ८० प्रकारे औषधे लिहिली होती. वीस वर्षांत एवढीच प्रगती. औषधांना दाद न देणारा टीबी मुंबईत का फोफावला, याचे एक उत्तर या आकड्यांत आहे.

आमच्याच एका कार्यकर्त्याचे सांगतो. नाव आणि दवाखाने मुद्दाम देत नाही. पंचविशीतला मुलगा, मुलुंडच्या वस्तीत राहणारा, डिलिव्हरीचे काम करणारा. खोकला सुरू झाला. गल्लीतल्या डॉक्टरांनी सिरप आणि अँटिबायोटिक दिले. आठ दिवसांनी पुन्हा तेच, मग तिसऱ्यांदा तेच, फक्त कंपनी वेगळी. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या केल्या, अठराशे रुपये गेले. तिसऱ्यांनी एक्स-रे पाहिला आणि कागदावर दोन शब्द लिहिले : मोठ्या रुग्णालयाचे नाव आणि ‘प्लीज सी’. तो सकाळी साडेपाचला निघाला, केसपेपरच्या रांगेत उभा राहिला. आतल्या तरुण डॉक्टरने विचारले, “आधी काय काय घेतलेस?” याच्याकडे उत्तर नव्हते. आधीच्या चिठ्ठ्या आईने कचऱ्यात टाकल्या होत्या, औषधांची नावे आठवत नव्हती. सगळे पहिल्यापासून सुरू झाले. अखेर टीबीचे निदान झाले तेव्हा पहिल्या खोकल्याला अडीच महिने उलटून गेले होते. या अडीच महिन्यांत तो दहा बाय बाराच्या खोलीत आई, भाऊ-भावजय आणि चार वर्षांच्या पुतणीसोबत झोपत होता.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करायची, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा जुना नियम आहे. बेडक्याची सीबीनॅट तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. यंत्राला साधारण दोन तास लागतात आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही तेही कळते. म्हणजे यंत्र होते, नियम होता, औषध फुकट होते. रुग्णाला तिथपर्यंत नेणारा एक ओळीचा मजकूर मात्र कुणी लिहिला नाही.

आता नकाशा पाहा. पालिकेची वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली मोठी रुग्णालये म्हणजे परळचे केईएम, सायनचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर आणि जुहूचे कूपर. यांत उपनगरातले एकटे कूपर. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख लोक होते आणि उपनगर जिल्ह्यात साडेत्र्याण्णव लाख. चारातले तीन मुंबईकर उपनगरात, चारातली तीन मोठी रुग्णालये शहरात. मधली जागा भरायला घाटकोपरचे राजावाडी, कांदिवलीचे शताब्दी (म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय), बोरिवलीचे भगवती, विक्रोळीचे महात्मा फुले, मुलुंडचे एम. टी. अगरवाल, जोगेश्वरीचे ट्रॉमा केअर. यांतल्या भगवती आणि अगरवाल यांच्या पुनर्बांधणीत वर्षानुवर्षे गेली. २०२५ मध्ये पालिकेने काही उपनगरी रुग्णालये खासगी भागीदारीत चालवायला देण्याच्या हालचाली केल्या आणि त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. ती लढाई वेगळी आणि मोठी आहे, पण या लेखाशी तिचा संबंध एवढा की तज्ज्ञ जितका लांब, तितकी चिठ्ठी महत्त्वाची. मुलुंडहून परळला जाणाऱ्या माणसाचा एक खाडा पडतो. चुकीच्या विभागात पाठवला तर दोन. नाक्यावरचा मजूर किंवा घरकाम करणारी ताई तिसऱ्या खेपेला जात नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. २०२२ पासून पालिकेने सुरू केलेले ‘आपला दवाखाना’ रात्री दहापर्यंत उघडे असतात, तिथे तपासणी आणि औषध मोफत आहे. नावावरून राजकारण करणाऱ्यांनी करावे, पण काम सुटल्यावर दाखवता येणारा दवाखाना ही आपल्या वस्तीची जुनी गरज होती. पण तिथून पुढे रुग्णालयात गेलेल्या रुग्णाचे काय झाले, हे त्या दवाखान्यातल्या डॉक्टरला कळते का? आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांचा अनुभव असा की रुग्ण स्वतः परत येऊन सांगेल तेवढेच.

गंमत म्हणजे याविषयी नियम स्पष्ट आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिले आहे की उपचार करणाऱ्या डॉक्टरने रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवताना त्याच्या आजाराचा सारांश द्यायचा, आणि तज्ज्ञाने आपले मत पाठवणाऱ्या डॉक्टरला लेखी कळवायचे. म्हणजे एक चिठ्ठी जाताना, एक येताना. २०२३ साली आलेली नवी आचारसंहिता काही आठवड्यांतच स्थगित झाली, त्यामुळे २००२ चीच लागू आहे. त्याच नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत त्याची कागदपत्रे द्यावी लागतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क नोंदवलेला आहे. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सार्वजनिक आरोग्यसेवा याच दोन चिठ्ठ्यांवर चालते. कुटुंबाचा डॉक्टर तज्ज्ञाला पत्र लिहितो, तज्ज्ञ उलट पत्र लिहितो. तिथेही महिनोन्महिने थांबावे लागते, तक्रारी असतात, पण रुग्ण कुणाचा आहे हे ठरलेले असते.

आपल्याकडे या विषयावर बोलायला लागले की गाडी लगेच ‘कट प्रॅक्टिस’वर येते. ती खोटी नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावरच्या उपचाराने कोकणातल्या असंख्य गरिबांचे प्राण वाचवले, त्यांना एका तपासणी केंद्राकडून रुग्ण पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो मुकाट खिशात न घालता महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. २०१७ साली मुंबईतल्या एका हृदयरुग्णालयाने ‘आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही’ अशा अर्थाचे होर्डिंग लावले, तर डॉक्टरांच्या संघटनेने कमिशनवर नाही, होर्डिंगवर आक्षेप घेतला! त्याच वर्षी राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार झाला. कायदा काही झाला नाही.

आणि हे दुखणे आजचे नाही. विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेहून शिकून परतताना तो साकेतला थांबतो. तिथल्या श्रेष्ठीच्या बायकोचे डोके सात वर्षांपासून दुखत असते. मोठमोठे वैद्य येऊन गेलेले, भरपूर सोने घेऊन गेलेले, गुण मात्र शून्य. त्यामुळे ती या तरुण वैद्याला दारातूनच परत पाठवू पाहते. जीवक निरोप धाडतो की आधी काही देऊ नका, बरे वाटले तर हवे ते द्या. मग तो तिला तपासतो, विकार ओळखतो आणि बरे करतो. धम्माच्या प्रवचनात जीवकाचे नाव आपण श्रद्धेने घेतो, पण त्या कथेतले ते सोने घेऊन गेलेले वैद्य आपल्या गल्लीत आजही आहेत, हे सांगायचे राहून जाते.

तरीही आमचे मत असे की सगळा दोष कटवर टाकणे सोयीचे आहे, पुरेसे नाही. पालिकेच्या ओपीडीत बसलेल्या निवासी डॉक्टरला कुणी कट देत नाही. तरी तिथली चिठ्ठीही कोरीच असते. कारण सकाळपासून त्याच्यासमोर रांग न संपणारी असते आणि रुग्ण दारातून बाहेर पडला की तो कुणाचाच राहत नाही. परत काय झाले हे विचारणारी व्यवस्थाच नाही. त्या डॉक्टरवर ओरडणारे नगरसेवक आणि आपलेही काही उत्साही कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. दहा मिनिटांच्या ओरडण्याने मागच्या पाच रुग्णांची वेळ जाते, दुसरे काही होत नाही.

जातीचे काय? आमच्या वाचकांना हा प्रश्न पडणारच. केसपेपरवर आडनाव असते, पत्ता असतो. ‘कुठे राहतोस?’ या प्रश्नानंतर आवाजाचा सूर बदलतो, हे अनेकांनी अनुभवले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक २०१८ च्या अहवालात भारतातल्या दलित स्त्रियांचे मृत्यूचे सरासरी वय उच्चजातीय स्त्रियांपेक्षा १४.६ वर्षांनी कमी नोंदवले होते. त्यात गरिबी आहे, पाणी-संडास आहे, उशिरा झालेले निदानही आहे. ज्याला तुच्छतेने बोलले जाते तो माणूस खरे सांगत नाही, ही निदानातली मोठी अडचण आहे. दारू, तंबाखू, मध्येच सोडलेला टीबीचा कोर्स, हे सगळे तो रागावतील म्हणून लपवतो. टीबीचा अर्धवट सोडलेला कोर्स लपवला तर पुढचे औषध चुकू शकते. महावग्गातच चांगल्या रुग्णाचे गुण सांगितले आहेत, आणि त्यांत एक असा की आजार वाढतो आहे, कमी होतो आहे की तसाच आहे हे तो शुश्रूषा करणाऱ्याला जसेच्या तसे सांगतो. पण त्याच ठिकाणी अतिसाराने पडलेल्या भिक्खूला तथागत स्वतः आनंदासोबत स्वच्छ करतात, हा प्रसंगही आहे. आधी कुणीतरी जवळ बसावे लागते, मग रुग्ण बोलतो.

आपल्या समाजापुरता एक आजार मुद्दाम सांगायला हवा : सिकलसेल. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली भागात आदिवासींबरोबरच बौद्ध समाजातही तो मोठ्या प्रमाणावर आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे. ते योग्यच, पण विदर्भातून अंधेरीच्या सीप्झ-एमआयडीसीत कामाला आलेली बौद्ध तरुण मुले-मुली त्या नजरेतून सुटतात. हाडे-सांधे असह्य दुखायला लागतात, ती जवळच्या दवाखान्यात जातात. मुंबईतल्या डॉक्टरला कोकणातले, घाटावरचे रुग्ण पाहण्याची सवय असते. ‘मूळ गाव कुठले?’ हा प्रश्न तो विचारत नाही, वेदनाशामक इंजेक्शन देतो, आणि तीन-चार वेळा आल्यावर या मुलाला इंजेक्शनची सवय लागली आहे असे समजतो. खरे तर एका रक्ततपासणीचे काम. साध्या चाचणीत संशय आला तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री होते. परळला केईएमच्याच आवारात राष्ट्रीय रुधिरविज्ञान संशोधनाची आयसीएमआरची संस्था आहे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, म्हणजे प्रमाणपत्र आणि सवलतीही मिळू शकतात. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आपल्या वधू-वर मेळाव्यांत शिक्षण, नोकरी, फ्लॅट सगळ्याचा रकाना असतो, सिकलसेलचा नसतो. कुणाचे लग्न मोडण्यासाठी नाही, दोघांना आधी माहीत असावे म्हणून तो हवा.

बाबासाहेबांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात येते. मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने ते जेरीस आले होते, तेव्हा मुंबईत डॉ. माधव मालवणकर त्यांच्यावर उपचार करत. मालवणकरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांची बाबासाहेबांशी ओळख १९४७ च्या सुमारास पार्ल्यात डॉ. राव यांच्या घरी झाली होती. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. आजाराचा इतिहास सलगपणे माहीत असलेला डॉक्टर जवळ असणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांच्या शेवटच्या वर्षांत दिसते. आपल्या वस्तीत ते कुणाच्याच नशिबी नाही. रमाबाई नगरच्या पुनर्विकासात घर सोडून भाड्याने विखुरलेल्या कुटुंबांचा तर नेहमीचा डॉक्टरही सुटला.

न्यायालयाने आपला वाटा उचलला आहे. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा मजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले. अखेर खासगी रुग्णालयात उपचार झाले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे अनुच्छेद २१ चे उल्लंघन ठरवले, २५ हजारांची भरपाई दिली आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही असे बजावले. लोकलमधून माणसे रोज पडणाऱ्या शहरात हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये असायला हवा.

पण निकाल दाखवून चिठ्ठी भरत नाही. ती मागावी लागते, आणि तेही नम्रपणे : “डॉक्टरसाहेब, तुम्हाला काय संशय आहे आणि आतापर्यंत काय दिले, एवढे दोन ओळींत लिहाल का?” आमचा अनुभव असा की असे विचारले तर दहांतले सात-आठ डॉक्टर लिहितात. रुग्णाचे सगळे कागद एका प्लास्टिक फाइलमध्ये, तारखेनुसार, आणि वरच्या पानावर आपल्याच अक्षरात : त्रास कधी सुरू झाला, कोणती औषधे, कशाची ॲलर्जी, घरात कुणाला काय. बारावी झालेली कुणीही मुलगी हे लिहू शकते. मोठी शस्त्रक्रिया निघाली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. यासाठी रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला आधीच फाइलमध्ये असला पाहिजे, दाखल झाल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.

यंदा आमच्या शिबिराच्या वहीत आम्ही तीन रकाने वाढवले आहेत : कुठे पाठवले, सोबत कोण गेले, तिथून काय लिहून आले. त्या मुलुंडच्या मुलाचे सहा महिन्यांचे औषध पूर्ण झाले आहे, त्याच्या घरच्यांचीही तपासणी झाली, आणि आता दर गुरुवारी रुग्णांसोबत तोच जातो. पहिले दोन रकाने भरत आले आहेत. तिसऱ्यात अजून चारच नोंदी आहेत.